चिंचोक्यांच्या घागरी

"तुला काय वाटतंय?"

आमच्या अहमदपूरच्या शाळेत हस्तकलेच्या तासाला पोरांनी काहीही विचारलं, की अक्का उलट हेच विचारायच्या. अक्का, बैलाची शिंगं केवढी करू? तुला काय वाटतंय? अक्का, आभाळाला कोणता रंग देऊ? तुला काय वाटतंय? अक्का, पाणी पिऊन येऊ का? याला मात्र त्या मुकाट्यानं 'जा' म्हणत.

हे विचारताना त्यांचे दोन्ही हात पाठीमागे असत. डाव्या हातानं उजव्या हाताचं मनगट घट्ट धरलेलं. त्यांची कंबर दुखत असावी, असं मला आधी वाटलं. एकदा विचारलंच. तर म्हणाल्या, "पोरगं वाकडं कापून राहिलं की ह्यो हात आपोआप पुढं पळतोय, बाई. मोठ्या माणसाचा हात लई वाईट. धरून ठेवावा लागतोय."

मी त्या शाळेत गणित शिकवायचे. नांदेडहून नुकतीच आले होते आणि नांदेडचा तोरा अजून उतरला नव्हता. गणिताच्या तासाला 'तुला काय वाटतंय' विचारलं तर वर्गात जितकी पोरं तितकी उत्तरं येतील आणि सगळी चुकीची येतील, एवढं मला पक्कं ठाऊक होतं. माझ्या वर्गाच्या भिंतीपलीकडेच अक्कांचा वर्ग. तिकडून सतत खुडबूड, हसणं, भांडणं ऐकू यायची आणि मधूनमधून ते एक वाक्य. माझं डोकं उठायचं. भिंतीवर डस्टर आपटला की पलीकडचा आवाज तेवढ्यापुरता बंद व्हायचा.

अक्का उदगीरकडच्या. बुटक्या, अंगानं भरलेल्या, गळ्यात लिंगायतांचं इष्टलिंग, कपाळावर विभूतीची बोटं. चिडल्या की 'अय्यो' म्हणायच्या, त्यापुढे त्यांना रागावता येत नसे. वयानं मोठे असलेले हेडमास्तरसुद्धा त्यांना अक्काच म्हणत. लग्न केलं नव्हतं. का केलं नाही, हे नव्या आलेल्या एका मास्तरांनी विचारण्याचा आगाऊपणा केला, तेव्हा अक्का शांतपणे म्हणाल्या, "तुम्हाला काय वाटतंय?" मास्तर पुढे कितीतरी दिवस त्यांच्यासमोर आले नाहीत.

घरी त्यांचे वडील होते. सगळे त्यांना अप्पा म्हणत. एके काळी बाजारपेठेत कापडाचं दुकान चालवलेला माणूस, पण लकवा मारला आणि अर्धं अंग गेलं. मधल्या सुट्टीत अक्का घाईनं घरी जात, अप्पांना भरवत आणि घंटा व्हायच्या आत परत येत. पदराला वरणाचा डाग असला की आम्ही ओळखायचो, आज अप्पांनी तोंड फिरवलं.

त्या काळात आमच्याकडे दोन गोष्टी एकदमच आल्या होत्या. पाऊस गेला होता आणि जिल्हा आला होता. उस्मानाबादपासून लातूर वेगळं निघालं होतं आणि आमचा तालुका नव्या जिल्ह्यात पडला होता. कोणत्या कागदासाठी उस्मानाबादला जायचं आणि कोणत्यासाठी लातूरला, हे कुणालाच धड माहीत नव्हतं. माणसं एका गावाला जाऊन दुसऱ्या गावाचा पत्ता घेऊन परत येत. आणि गावात टँकर यायला लागला होता.

टँकरची रांग लागायची ती आमच्या शाळेसमोरच्या चौकात. अक्कांची पोरं पोळ्यासाठी मातीचे बैल करत होती. तळ्याच्या भेगाळलेल्या तळातून मातीचे पापुद्रे आणायचे, फोडायचे आणि भिजवायचे. पाणी अगदी थोडं लागायचं. तरी एके दिवशी रांगेतल्या एका बाईनं खिडकीतून ते पाहिलं आणि तिचं टाळकंच सरकलं.

"आमच्या लेकरायला प्यायला न्हाई, अन् तुमी हितं चिखल कालवून राहिले?" ती रिकामी घागर घेऊन थेट वर्गात घुसली. मागोमाग आणखी बायका आल्या. पोरं भिंतीला चिकटली. मी आवाज ऐकून धावत गेले, तेव्हा एकीनं मातीची पाटी लाथेनं उलटी केली होती आणि दुसरी अक्कांच्या तोंडासमोर हात नाचवत होती. आता अंगावर हात पडतो की काय, असं मला वाटलं.

अक्कांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुमचं खरं हाय, माय. चुकलं माझं." एवढंच. भांडायला आलेल्या माणसाला समोरून असं काही आलं की मोठी पंचाईत होते. त्या पुटपुटत निघून गेल्या आणि वर्गात अर्धे बैल, अर्धा चिखल उरला.

मला वाटलं, संपला हस्तकलेचा तास. दुसऱ्या दिवशी अक्का पोतं भरून ज्वारीची धाटं घेऊन आल्या. ज्वारीचा कडबा तेव्हा सोन्याच्या भावानं जात होता, त्याला हात लावायची सोय नव्हती. ही जनावरांनी खाऊन टाकून दिलेली, बुडाकडची जाड, गोठ्याच्या कोपऱ्यातली धाटं होती. गोठे हिंडून हिंडून गोळा केलेली. वर्गभर शेणाचा वास. "ह्याला पाणी लागत न्हाई," अक्का मला म्हणाल्या, जणू मी तक्रार घेऊनच आले होते. तशी मी वासाची तक्रार घेऊनच आले होते.

तुम्ही आमच्या भागात वाढला असाल तर धाटाची गाडी तुम्हीही केली असेल. वरची साल सोलायची, आतला पांढरा गाभा तोडून त्याची चाकं, सालीच्या पट्ट्यांचं जू. सगळ्या पोरांनी गाड्या केल्या. बाभळीचे काटे टाचणीसारखे टोचून टोचून त्या उभ्या केल्या.

मंगल नावाच्या एका मुलीनं मात्र गाडी केली नाही. सहावीतली, काटकुळी, फार न बोलणारी. तिचे आईबाप रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला जायचे. तिनं धाटांचा टँकर केला. गोल टाकी, पुढे ड्रायव्हरची खोली, मागे नळीचा तुकडा. टँकर एका अंगाला कललेला. आणि त्याच्यामागे वहीच्या पुठ्ठ्यावर चिंचोक्यांची लांबलचक रांग. चिंचोके म्हणजे घागरी. चांगले घासून चकचकीत केलेले.

मी तास संपल्यावर सहज डोकावले होते. मला राहवलं नाही. म्हटलं, "अगं, नुसत्या घागरी? माणसं कुठायत?"

"माणसं कामाला गेलीत," मंगल म्हणाली. "घागरी नंबराला उभ्या हाइत."

आमच्या चौकात रोज तेच होतं. मी रोज त्या रांगेला वळसा घालून शाळेत यायचे आणि मला ते दिसलं नव्हतं. अक्कांचा चेहरा असा फुलला होता, की त्या दिवसापासून मी भिंतीवर डस्टर आपटणं सोडून दिलं.

याच सुमाराला लातूरहून फर्मान आलं. नव्या जिल्ह्याचं पहिलं शालेय हस्तकला प्रदर्शन. प्रत्येक तालुक्यातून निवडक वस्तू आणि त्या करणारी मुलं. त्याच्या मागोमाग दुसरी बातमी आली, ती तोंडोतोंडी. नवा जिल्हा सगळ्या शाळांची पदं नव्यानं तपासणार, हस्तकलेच्या शिक्षकांतले बरेच अतिरिक्त ठरणार आणि जिकडे जागा असेल तिकडे फेकले जाणार. ज्या शाळेचं काम प्रदर्शनात डोळ्यांत भरेल, तिथलं पद राहील. अक्कांचं पद जाणार की राहणार, ते आता लातूरच्या एका दालनात ठरणार होतं. बदली झाली तर अप्पांना कोण भरवणार, हा प्रश्न आम्ही कुणी तोंडानं काढत नव्हतो, पण स्टाफरूममध्ये तो सगळ्यांच्या चहाच्या कपात होता.

हेडमास्तर फार धास्तावले. भला माणूस. अक्कांना म्हणाले, "टँकर पाठवू नका हो. नवा जिल्हा झालाय, कौतुकाचा दिवस, तिथं आपण रडगाणं घेऊन जायचं?"

"रडगाणं न्हाई सर ते. तिला जे दिसलं ते तिनं केलंय."

"मान्य. पण साहेबाला काय दिसायला पाहिजे, ते पण बघावं लागतं."

आता अशा प्रदर्शनांची एक रीत तुम्हालाही ठाऊक असेल. वस्तू मास्तर करतात किंवा गावातल्या कारागिराकडून करून घेतात आणि चिठ्ठी मुलाच्या नावाची लावतात. यात कुणाला काही गैर वाटत नाही. मुलगाही खूश, आईबापही खूश. अक्का आल्यापासून आमच्या शाळेनं ती रीत मोडली होती आणि तेव्हापासून आम्हाला बक्षीसही मिळालं नव्हतं.

प्रदर्शनाच्या सकाळी बाकीच्या वस्तू घेऊन हेडमास्तर जीपनं पुढे गेले. अक्कांनी टँकर पाठवायचंच ठरवलं होतं, पण मंगल तो जीपमध्ये द्यायला तयार नव्हती. तिनं तो खोक्यात ठेवला, खोकं मांडीवर घेतलं आणि आम्ही तिघी एसटीनं निघालो. गाडी खचाखच. प्रत्येक खड्ड्याला मंगल खोकं छातीशी धरून उठून उभी राहायची, म्हणजे हिसका तिला बसावा, टँकरला बसू नये. अक्का सगळ्या वाटेत खिडकीबाहेर बघत होत्या. एकदाच म्हणाल्या, "अप्पा सकाळी जेवले न्हाईत."

लातूरला दालनात पोहोचलो आणि आमच्या टेबलासमोर आलो, तर तिथे एक लाकडी बैलगाडी उभी. काय सांगू तुम्हाला! शिसवी लाकूड, पॉलिश मारलेलं, चाकांना पितळी पट्ट्यांच्या धावा, बैलांच्या गळ्यात बारीक घुंगरं. आणि पुढे सुवाच्य अक्षरात चिठ्ठी. कुमारी मंगल, इयत्ता सहावी.

मंगलनं ते नाव वाचलं. पुन्हा वाचलं. "अक्का, ही कुणाची हाय?"

हेडमास्तर लगबगीनं पुढे आले. अक्कांना बाजूला घेऊन दबक्या आवाजात म्हणाले, "सुताराला सांगून करून घेतली. आज गप्प राहा, तुमच्या पाया पडतो. शेजारी बघा." शेजारच्या टेबलावर काड्यापेटीच्या काड्यांचा अख्खा महाल होता, चौथीतल्या एका बाळाच्या नावानं. त्या शाळेच्या मास्तरांच्या बोटांवर डिंकाचे पापुद्रे अजून वाळत होते. मग हेडमास्तर मंगलकडे वळले. "बाळ, साहेबांनी विचारलं तर फक्त हो म्हणायचं. अक्कांसाठी. नाहीतर अक्कांना गाव सोडून जावं लागेल." मंगलनं खोकं टेबलाखाली ठेवलं.

मला हेडमास्तरांचा राग आला आणि त्याच वेळी मनातून वाटलं, होऊ दे एकदाचं. एवढी सुंदर गाडी, एक 'हो', आणि अक्का गावात राहतील. मी खोटं कशाला बोलू, मला तसंच वाटलं.

तपासायला आलेले जिल्ह्याचे साहेब एकेक टेबल करत येत होते. तरुण होते, सौम्य होते, प्रत्येक मुलाशी दोन शब्द बोलत होते, हीच तर अडचण. महालापाशी ते थांबले, तेव्हा चौथीतलं बाळ खणखणीत आवाजात 'हो' म्हणालं. मग ते आमच्यासमोर आले. गाडी पाहून त्यांचे डोळे चमकले. वाकून म्हणाले, "वा! बाळ, ही तू केलीस?"

मंगलनं अक्कांकडे पाहिलं.

'हो' म्हणाली तर स्वतःच्या हातांवरचा विश्वास जन्माचा उडणार. 'नाही' म्हणाली तर अक्कांना आपण घालवलं, हे ओझं घेऊन ती वाढणार. आणि अक्का आता नेहमीसारखं सगळं तिच्यावरच सोपवणार, याची मला खात्री होती. मनगटावरची त्यांची पकड मला मागून दिसत होती.

अक्का पुढे झाल्या. मंगलच्या आणि साहेबांच्या मधे उभ्या राहिल्या.

"तिला इचारू नका, साहेब. मला इचारा. ही गाडी तिची न्हाई, सुताराची हाय. तिचं काम खाली खोक्यात हाय."

डिंकवाले मास्तर छताकडे बघू लागले. साहेबांचा चेहरा लाल झाला, अक्कांवर रागावून नव्हे, आपण इतका वेळ कशाकशाचं कौतुक करत आलो ते ध्यानात येऊन. त्यांनी खोकं मागितलं. झाकण उघडलं. एसटीनं शेवटी डाव साधला होता, टँकरचं एक चाक निखळलं होतं, चिंचोके कोपऱ्यात गोळा झाले होते. साहेबांनी वाकून पाहिलं. "टँकर आहे," मंगल हळूच म्हणाली. साहेबांनी मान हलवली, झाकण लावलं आणि पुढच्या टेबलाकडे गेले. बक्षिसांच्या वेळी आमच्या शाळेचं नाव कुठेच नव्हतं. महालाला पहिलं मिळालं.

पायऱ्यांवर हेडमास्तर बसले होते. डोळे पुसत म्हणाले, "मी तुमच्यासाठी केलं हो, अक्का."

"माहीत हाय सर. म्हणून तर तुमचा राग बी येईना."

परतीच्या गाडीत मंगलनं विचारलं, "अक्का, आता तुमची बदली व्हईल?"

"व्हईल बहुतेक."

"माझ्यामुळं?"

"तू कुठं काय बोललीस? मी बोलले."

मंगलला ते पटलं नाही. पोरांना असली समजूत पटत नसते. त्या दिवसापासून ती हस्तकलेच्या तासाला हात मांडीत घेऊन बसायला लागली. पुढ्यात काही ठेवलं तरी शिवायची नाही. अक्का तिच्या बाकापाशी येऊन थांबत आणि पुढे जात.

बदलीचा हुकूम आला. उदगीरच्याही पलीकडचं, कर्नाटकच्या सीमेवरचं गाव. मी अक्कांशी कडाकडा भांडले. म्हटलं, "तिला हो म्हणू दिलं असतं तर आभाळ कोसळलं असतं का? अप्पांना घेऊन तिकडं कसं राहणार तुम्ही? ना दवाखाना, ना ओळखीचं माणूस!"

अक्का भाकरी थापत होत्या. म्हणाल्या, "मला काही वाटत न्हाई असं न्हाई, बाई. पोटात जाळ हाय. रोज वाटतंय, काहून बोलले. पण ती पोरगी हात बांधून बसून राहिलीय ना, त्याचं काय करू ते सांगा. बाकी मी निभावून नेईन." गणितात तसलं काही येत नाही.

अक्का मला शेवटच्या दिसल्या त्या निघायच्या दिवशी. पुढे पत्रं आली, मग ती थांबली. अप्पा तिकडेच वारले, असं उदगीरच्या एका व्यापाऱ्याकडून कळलं. अक्का नंतर कुठे गेल्या, ते त्यालाही माहीत नव्हतं.

टेम्पो सकाळी यायचा तो ऐन उन्हात आला, आणि ताडपत्रीशिवाय आला. भांडी, गाठोडी, पत्र्याची पेटी चढली. मधोमध अप्पांची खाट. ऊन सरळ त्यांच्या तोंडावर. पंचा टाकला तर त्यांचा जीव घुसमटायचा, चालत्या हातानं ते तो ओढून काढायचे. कुणी छत्री आणली. ड्रायव्हर म्हणाला, पहिल्याच वळणाला उडून जाईल. "आवरा ओ बाई, मला पुढं धर्माबादला माल भरायचाय!" म्हणून तो हॉर्न वाजवत बसला.

मंगल कुंपणापाशी उभी होती. अक्का तिला जवळ घ्यायला गेल्या, तर ती मागे सरकली. "मी आता कधीच काही करणार न्हाई, अक्का," म्हणाली. रडत नव्हती. ठरवून आली होती.

"बरं," अक्का म्हणाल्या. मग वळून टेम्पोकडे बघत राहिल्या. "अप्पांच्या तोंडावर ऊन येऊन राहिलंय गं. मला तर काही सुचंना."

त्यांना खरंच सुचत नव्हतं, की त्या मुद्दाम तसं म्हणाल्या, हे मी अजून ठरवू शकलेले नाही.

मंगल जागची हलली नाही. हॉर्न वाजला. अप्पांनी डोळे मिटून मान दुसरीकडे फिरवायचा प्रयत्न केला आणि ती फिरेना. तेव्हा मंगल चाकावर पाय देऊन टेम्पोत चढली. अप्पांच्या तोंडावर आपला तळहात धरून सावली कुठे पडते ते पाहिलं. सामानात खोवलेल्या खराट्याच्या काड्या उपसल्या. भांड्यांना गुंडाळलेले खाकी कागद सोडले. कुंपणाच्या बाभळीचे काटे मी तोडून दिले, तेवढंच मला जमलं. ड्रायव्हर ओरडत होता, शेजारीपाजारी सल्ले देत होते, ती कुणाचं काही ऐकत नव्हती. काड्या वाकवून खाटेच्या कडेच्या विणीत खोवल्या, त्यावर कागद, कागदाला काटे. वाकडंतिकडं, एका अंगाला झुकलेलं छप्पर झालं. अप्पांच्या डोळ्यांवर सावली आली. त्यांनी डोळे उघडले.

मंगल उतरली. अक्का पुढे ड्रायव्हरशेजारी बसल्या आणि टेम्पो निघाला.

आम्ही दोघी रस्त्यावर येऊन बघत राहिलो. उदगीरच्या रस्त्याला वळताना वाऱ्यानं एक कोपरा वर उचलला. कागद फडफडला, काट्यांनी धरून ठेवला, आणि टेम्पो धुरळ्यात दिसेनासा झाला.

मंगल डोळे बारीक करून अजून तिकडेच बघत होती.

"डाव्या अंगानं वीतभर जास्त घ्यायला पाहिजे होतं, बाई," ती म्हणाली.